समुद्रावर समाधी नसते

संसदेच्या अधिवेशनाचा आरंभ बहुधा एकाच प्रकारे होतो. मधल्या काळात दिवंगत झालेल्या माजी सदस्यांचे उल्लेख लोकसभेचे अध्यक्ष वाचून दाखवतात. कोण कुठल्या मतदारसंघातून कितव्या लोकसभेवर निवडून आले होते, कोणत्या समित्यांवर त्यांनी काम केले, कोणत्या दिवशी त्यांचे निधन झाले, हे सारे त्यात असते. सभागृह काही क्षण स्तब्ध उभे राहते आणि मग कामकाजाला लागते. पत्रकारांच्या सज्जातून हे दृश्य वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला तो निव्वळ उपचार वाटू लागतो. तथापि त्या उपचारात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. एकदाच निवडून आलेला आणि सभागृहात फारसा न बोललेला सदस्यही त्या यादीतून वगळला जात नाही. संस्था आपल्या माणसाला त्याच्या पराक्रमावरून नव्हे, तर तो आपला होता एवढ्यावरूनच आठवते.

हाच न्याय जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला लावला तर काय दिसते? आयुष्याची उमेदीची वर्षे समुद्रावर काढून निवृत्त झालेला नौसैनिक रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत किंवा दिल्लीच्या एखाद्या वसाहतीत अखेरचा श्वास घेतो, तेव्हा त्याची आठवण काढणारे दोनच गट उरतात. एक त्याच्या घरचे आणि दुसरे त्याच्या जहाजावरचे. घरच्यांकडे भिंतीवरचे जहाजाचे छायाचित्र असते, लाकडी ढालीवर बसवलेले जहाजाचे बोधचिन्ह असते आणि निवृत्तिवेतनाचे कागद असतात. जहाजावरच्या सोबत्यांकडे त्या माणसाच्या अशा आठवणी असतात, ज्या घरच्यांनाही ठाऊक नसतात. जो समुद्रावरच गेला त्याच्या घरी तर एवढेही पोहोचत नाही. नौदलातील मृतांची स्मृती जपण्याचे काम राज्यसंस्थेने फारसा विचार न करता या दोन गटांवर सोपवून दिले आहे. ते त्यांनी निष्ठेने केले. परंतु हे दोन्ही गट आता वयाने थकले आहेत, आणि त्यांच्यानंतर हे काम कोणी करायचे याचे उत्तर कोणाकडे नाही.

दरवर्षी ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो. १९७१ साली त्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर धाडसी हल्ला चढवला, त्याचे ते स्मरण. गेल्या काही वर्षांत हा सोहळा राजधानीबाहेर नेण्याची पद्धत पडली आहे. २०२३ साली तो सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने मालवणच्या किनाऱ्यावर झाला, २०२४ साली पुरीला झाला. युद्धनौकांची संचलने आणि नौदलाच्या कमांडोंची प्रात्यक्षिके पाहायला लोक गर्दी करतात, आणि ते योग्यच आहे. विजयाचा दिवस साजरा करायला कोणाची हरकत असणार? प्रश्न त्यानंतरच्या पाचव्या दिवसाचा आहे. ९ डिसेंबर ही तारीख दिल्लीत किती जणांच्या लक्षात राहते?

१९७१ च्या ९ डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर आयएनएस ‘खुकरी’ ही फ्रिगेट ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. शत्रूच्या पाणबुडीचा माग काढण्यासाठी ‘खुकरी’ आणि तिची जोडीदार ‘किरपाण’ या मुंबईहून त्या भागात गेल्या होत्या. आघात झाल्यावर काही मिनिटांतच जहाज पाण्याखाली गेले. त्यावर असलेले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी समुद्रातून ६७ जणांना वाचवण्यात आले. जहाजाचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले आणि ते जहाज सोडून गेले नाहीत, हे वाचलेल्यांनी सांगितले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव मोठी युद्धनौका.

एवढी मोठी हानी राष्ट्राच्या स्मरणात ठळक का राहिली नाही, याचे एक कारण तारखांमध्येच आहे. ‘खुकरी’ बुडाली आणि सातव्या दिवशी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. संसदेत जल्लोष झाला, देशभर पेढे वाटले गेले. त्या आनंदात १९४ घरांचा शोक बुडून गेला, आणि याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. विजयी राष्ट्रे आपल्या हानीचा हिशेब उशिरा मांडतात. मात्र तो मांडायला किती उशीर व्हावा यालाही काही मर्यादा असते. दीवला समुद्राकडे तोंड करून असलेल्या टेकडीवर ‘खुकरी’चे स्मारक उभे राहिले ते १९९९ साली, म्हणजे २८ वर्षांनी. काचेच्या आवरणात ठेवलेली जहाजाची प्रतिकृती असे त्याचे साधे स्वरूप आहे. कॅप्टन मुल्ला आणि ‘खुकरी’ यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले ते २००० साली. जहाज बुडाले तेव्हा जो मुलगा दोन वर्षांचा होता तो तोपर्यंत तिशीला पोहोचला होता.

पायदळाच्या जवानाचा देह बहुधा गावी येतो. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी येते, बंदुकांची सलामी होते, गावच्या वेशीवर पुढे त्याच्या नावाची कमान किंवा पुतळा उभा राहतो. समुद्रावर गेलेल्याच्या बाबतीत तारेचा किंवा पत्राचा कागद येतो आणि त्यावर ‘बेपत्ता’ असा शब्द असतो. तो शब्द फार क्रूर आहे, कारण तो आशेला जागा ठेवतो. एरवी बेपत्ता माणूस मृत मानायला कायद्याने सात वर्षांची मुदत घातली आहे. युद्धात सेनादले चौकशी करून हा निर्णय पुष्कळ लवकर घेतात, ते आवश्यकही असते. परंतु कागदावर निर्णय झाला म्हणून घरातला होतोच असे नाही. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहनसंस्कार करण्याची सोय आपल्या शास्त्राने करून ठेवली आहे. आपल्या पूर्वजांना या दुःखाची जात ठाऊक होती. निरोप देण्यासाठी समोर काहीतरी असावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. आधुनिक राज्यसंस्थेनेही निरोपाची अशी काही सोय करायला हवी. स्मारक, नामफलक, दप्तरातील नोंद ही त्या पुतळ्याचीच आधुनिक रूपे आहेत.

येथे नौदलाची एक अडचण समजून घ्यावी लागेल. भूदलात स्मृतीचे घर म्हणजे रेजिमेंट. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. तेथे पिढ्यान्पिढ्यांची नावे आहेत, रणसन्मान आहेत, वार्षिक सोहळे आहेत. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच रेजिमेंटमध्ये असल्याची उदाहरणे पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. जवान निवृत्त झाला तरी रेजिमेंट राहते, आणि तो गेल्यावर त्याच्या विधवेने कोठे पत्र लिहायचे हे ठरलेले असते. नौसैनिकाचे तसे नाही. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलीवर जातो, सेवेत पाच-सात जहाजे आणि तळ पाहतो. त्यातले एखादे जहाज त्याच्या मनात कायमचे घर करते आणि पुढे आयुष्यभर तो स्वतःची ओळख त्या जहाजाच्या नावाने करून देतो. परंतु जहाजाला आयुष्य असते. पंचवीस-तीस वर्षांनी त्यावरचा ध्वज शेवटचा उतरवला जातो आणि त्या दिवसापासून जहाजावरच्या माणसांच्या स्मृतीला पत्ता राहत नाही.

नौदल हे जाणून आहे, म्हणूनच गेलेल्या जहाजाचे नाव नव्या जहाजाला देण्याची परंपरा त्याने जपली. माझगाव गोदीत बांधलेली दुसरी ‘खुकरी’ ऑगस्ट १९८९ मध्ये नौदलात दाखल झाली, तेव्हा त्या समारंभाला तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासोबत कॅप्टन मुल्ला यांच्या पत्नी उपस्थित होत्या. ३२ वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये ती निवृत्त झाली आणि भंगारात न जाता दीवला नेण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये ती संग्रहालयासाठी तेथील प्रशासनाकडे सोपवली गेली. पहिली ‘खुकरी’ जेथून जवळ बुडाली त्याच किनाऱ्यावर दुसरी विसावली. हे उत्तम झाले, आणि ज्यांनी ते घडवून आणले त्यांना श्रेय द्यायला हवे.

परंतु दुर्दैवाने हे उदाहरण अपवादात्मक ठरते. पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून ती लोकांनी पाहिली. तिच्या कायम जतनाच्या घोषणा झाल्या, योजना झाल्या, निविदांना प्रतिसाद मिळाला नाही, आणि अखेर २०१४ साली न्यायालयीन लढाई संपल्यावर दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा अंश एका मोटारसायकलीसाठी वापरला गेला, आणि थोडा २०१६ साली मुंबईत फोर्ट भागात उभारलेल्या शिल्पात आला. ‘विराट’ २०१७ साली निवृत्त झाली. तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली होती. पुढे २०१९ साली संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी राज्यसभेत सांगितले की, आर्थिकदृष्ट्या स्वयंपूर्ण असा परिपूर्ण प्रस्ताव न आल्याने आणि सुरक्षिततेचा विचार करून ती मोडीत काढण्याचे ठरले आहे. २०२० साली ३८ कोटी ५४ लाख रुपयांना तिचा सौदा झाला आणि ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लागली. दरम्यान, ‘खुकरी’ बुडवणारी ‘हंगोर’ कराचीच्या सागरी संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे आणि ९ डिसेंबर हा दिवस पाकिस्तानचे नौदल तिच्या नावाने साजरा करते. तुलना कोणाला आवडणार नाही, पण ती टाळताही येत नाही.

नौदलाची बाजूही रास्त आहे. प्रत्येक जहाज जपणे कोणत्याही देशाला शक्य नाही. जुन्या जहाजाचे कवच गंजते, ते गोदीत जागा अडवते, त्याच्या देखभालीवर होणारा खर्च नव्या जहाजांच्या आणि हयात माणसांच्या वाट्यातून जातो. नौदलाच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित हाच निर्णय घेतला असता. मात्र या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जहाजे जपता येत नसतील, तर जहाजांवरच्या माणसांची स्मृती दुसऱ्या कोणत्या तरी रूपात जपण्याची जबाबदारी अधिक वाढते. पोलाद जपायला शेकडो कोटी लागतात. नावे आणि आठवणी जपायला तेवढे लागत नाहीत. त्यासाठी एक छोटे कार्यालय, काही प्रशिक्षित माणसे आणि मुख्य म्हणजे कोणीतरी घेतलेला निर्णय एवढे पुरते.

स्मृतीच्या या व्यवहारात आणखी एक भेद आहे, तो युद्धातल्या आणि शांततेतल्या मृत्यूचा. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट होऊन १८ जण मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ‘सिंधुरत्न’वरील दुर्घटनेत दोन अधिकारी गेले आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. सार्वजनिक जीवनात दुर्मीळ झालेले ते उदाहरण होते. शत्रू समोर नसताना आलेले हे मृत्यू निवृत्तिवेतनाच्या नियमांत वेगळ्या रकान्यात जातात. शत्रूच्या कारवाईत मृत्यू आला तर कुटुंबाला अखेरच्या वेतनाइतके उदारीकृत निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे ओढवलेल्या इतर मृत्यूंसाठी वेतनाच्या ६० टक्के विशेष निवृत्तिवेतन असते. मृत्यूचा सेवेशी संबंध नसल्याचे ठरले तर सर्वसाधारण दराने ३० टक्क्यांवर भागवावे लागते. हिशेबासाठी असे रकाने लागतात, हे शासनव्यवहार जाणणाऱ्या वाचकांना सांगायला नको. परंतु निवृत्तिवेतनाचा रकाना हा स्मृतीचाही रकाना होऊ लागतो तेव्हा अन्याय सुरू होतो. पाणबुडीच्या बंद कक्षात गेलेल्या तरुणाच्या आईला, तो कोणत्या प्रकरणाखाली गेला हे विचारण्याची पाळी येऊ नये.

दिल्लीतले राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, तेव्हा तेथे स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या २५,९४२ जवानांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली होती. तीनही दलांची नावे एकाच ठिकाणी, हुद्द्याचा भेद न करता आली. वीरता चक्रातील शिल्पपटांमध्ये कराचीवरच्या हल्ल्याचा पटही आहे. सायंकाळी वीरगतीस गेलेल्या एखाद्या जवानाच्या कुटुंबीयांच्या हस्ते तेथे पुष्पचक्र वाहिले जाते. देशाला स्वातंत्र्यानंतर ७२ वर्षे वाट पाहावी लागली असली तरी या स्मारकाने फार मोठी उणीव भरून काढली, हे मान्य करायला हवे. पण समुद्रकिनाऱ्यावरून आलेला माणूस त्या भिंतींसमोर उभा राहिला की तो जहाजाचे नाव शोधतो. त्याच्या लेखी आपला माणूस एकटा गेलेला नसतो, तो जहाजासकट गेलेला असतो. एका रात्री, एका पोलादी घरात एकत्र जेवलेले १९४ जण एकत्र गेले, ही वस्तुस्थिती हजारो सुट्या नावांच्या रांगेत विरून जाते.

आणि जे त्या रात्री वाचले त्यांचे काय? त्यांची नावे कोणत्याही भिंतीवर येणार नाहीत, आणि तशी अपेक्षा त्यांनीही कधी केली नसेल. ते पुढे नोकरी करत राहिले, निवृत्त झाले, मुलाबाळांची लग्ने करून एकेक करून निघून गेले. १९७१ साली जो विशीत होता तो आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. त्या वेळच्या तरुण विधवा आज ऐंशीच्या आसपास आहेत. अशा एका माणसाच्या निधनाबरोबर समुद्रातल्या त्या रात्रीची एक साक्ष कायमची पुसली जाते. वर्तमानपत्रात दोन ओळींची निधनवार्ता येते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद होते, निवृत्तिवेतन पत्नीच्या नावे वर्ग होते. मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील नौसैनिकांच्या अभिलेख कार्यालयात त्याची सेवापुस्तिका बंद होते. त्या पुस्तिकेत त्याच्या सर्व बदल्या, बढत्या आणि रजा असतात. पाण्यात तरंगत काढलेल्या त्या रात्री शेजारी कोण होते आणि सकाळपर्यंत कोण उरले, हे मात्र त्यात नसते.

ते कोठे आहे? काही अंशी एका पुस्तकात आहे. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी ‘खुकरी’तून वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी गोळा करून २००६ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. कार्डोझो हे गुरखा रेजिमेंटचे अधिकारी. १९७१ च्या युद्धात त्यांनी स्वतः पाय गमावला. म्हणजे नौदलाच्या सर्वांत मोठ्या हानीची मौखिक नोंद ३५ वर्षांनी, आणि तीही भूदलाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने वैयक्तिक आस्थेपोटी केली. याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. परंतु जे काम एका व्यक्तीच्या आस्थेवर सुटते, ते व्यवस्थेने आपले मानलेले नसते.

या आठवणींत केवळ हळवेपणा नाही, प्रश्नही आहेत. जहाज त्या रात्री कमी वेगाने का चालले होते, त्यावर बसवलेल्या पाणबुडीशोधक सोनारच्या सुधारणेचा प्रयोग त्याच वेळी चालू ठेवणे योग्य होते काय, पाण्यात पडलेल्यांना मदत पोहोचायला सकाळ का उजाडावी लागली, या मुद्द्यांवर मतभेद आहेत. नौदलाचे अधिकृत इतिहासकार व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी २००० साली प्रकाशित केलेल्या इतिहासात यांतील काही बाबींची चर्चा केली आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. पाणबुडीचा धोका कायम असताना दुसरे जहाज तेथेच थांबवणे म्हणजे आणखी दीडशे-दोनशे जीव पणाला लावणे होते, हा युक्तिवादही वजनदार आहे. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा दिल्लीत बसलेल्या पत्रकाराने करू नये. पण ज्यांची माणसे गेली त्यांना मूळ कागद पाहू देण्यात आता कसला अडथळा असावा? तेव्हाचे तंत्र आज कालबाह्य झाले, ती जहाजे उरली नाहीत, हल्ला करणारी पाणबुडीही संग्रहालयात गेली.

सुदैवाने यासाठी नवे धोरण आखण्याची गरज नाही. जून २०२१ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी युद्धविषयक कागदपत्रे खुली करण्याच्या आणि युद्धेतिहास लिहिण्याच्या धोरणाला मंजुरी दिली. साधारणपणे २५ वर्षांनंतर कागदपत्रे खुली करावीत, त्याहून जुनी तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. धोरण स्पष्ट आहे. त्याची खरी कसोटी विजयाच्या कागदांवर लागणार नाही, ते कोणीही आनंदाने खुले करील. ती हानीच्या कागदांवर लागेल. ‘खुकरी’संबंधीची चौकशीची कागदपत्रे जहाजावरील माणसांच्या वारसांना सुबोध रूपात उपलब्ध करून देणे, ही त्या धोरणाची उचित सुरुवात ठरेल. लोकप्रतिनिधींनी प्रश्नोत्तराच्या तासात विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याला पक्षाचा रंग असण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा समुद्रतळाचा आहे. ‘खुकरी’ जेथे विसावली ती जागा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आपल्या प्रादेशिक पाण्याबाहेर, पण अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. तळाशी असलेले ते जहाज ही १९४ जणांची समाधी आहे. ब्रिटनने १९८६ साली खास कायदा करून बुडालेल्या युद्धनौका आणि विमाने यांच्या अवशेषांना दफनभूमीसारखे संरक्षण दिले. आपणही तसा विचार करायला हवा. विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या अवशेषांना मृतांचा आदर म्हणून आपल्या नौदलाने हात लावला नाही, अशी माहिती २०२४ साली प्रसिद्ध झाली होती. त्या पाणबुडीवरचे नव्वदहून अधिक जण तेथेच आहेत. ४ डिसेंबरच्या ज्या रात्रीचा आपण विजय मानतो, त्याच रात्री ‘खैबर’ या विनाशिकेवरील शेकडो पाकिस्तानी नौसैनिकही समुद्राने घेतले. शत्रूच्या मृतांबद्दल आपण दाखवलेला विवेक आपल्या मृतांसाठी कायद्याच्या भाषेत उतरवायला कठीण जाऊ नये.

मग करायचे काय? फार मोठ्या घोषणांची गरज नाही. सेवेत असताना मृत्यू आलेल्या प्रत्येक नौसैनिकाचे नाव, युद्ध आणि अपघात असा भेद न करता, जहाजनिहाय नोंदवणारी एक सार्वजनिक नोंदवही नौदलाने ठेवावी आणि ती संगणकावर कोणालाही पाहता यावी. मुंबईच्या नौदल गोदीतला गौरवस्तंभ सुरक्षेच्या तटबंदीआड आहे, दीव आडवळणाला आहे, आणि वृद्ध आईवडिलांना दिल्लीपर्यंतचा प्रवास झेपत नाही. त्यांना निदान आपल्या तालुक्याच्या गावी बसून ते नाव पाहता येईल. १९७१ पासूनच्या जहाजांवर काम केलेल्यांच्या आठवणी त्यांच्या मातृभाषेत ध्वनिमुद्रित करण्याचे काम किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालये आणि विद्यापीठे यांनी मिळून हाती घ्यावे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत तर त्यासाठी फार शोधाशोधही करावी लागणार नाही. आणि ९ डिसेंबरला, त्या दिवशी अधिवेशन चालू असले तर, संसदेने क्षणभर उभे राहावे. हिवाळी अधिवेशन बहुधा त्याच सुमारास भरते. माजी सदस्यांसाठी जो उपचार सभागृह न चुकता पाळते, तो या मंडळींसाठी पाळायला त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. दरवर्षी हजारो माणसे कर्तव्य बजावताना मरतात, मग खाणीतल्या, रेल्वेतल्या, पोलिसांतल्या माणसांचे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर नौदलाला कमी देणे हे नसून इतरांनाही देणे हे आहे. राज्यसंस्था ज्याला घरापासून दूर, स्वतःच्या आज्ञेने पाठवते, त्याचा शेवट कसा झाला हे नोंदवून ठेवण्याचे उत्तरदायित्व तिच्यावरच येते. त्याची पूर्तता कुटुंबाच्या संदुकीवर आणि सोबत्यांच्या वार्षिक मेळाव्यावर सोडून देता येत नाही. संदुकी वाळवी खाते, आणि मेळाव्यातल्या खुर्च्या दरवर्षी कमी होत जातात.

दिल्लीला समुद्र नाही. या शहराची स्मृती पानिपतापासून सियाचीनपर्यंत जमिनीची आहे, त्यामुळे पाण्यावर घडलेले येथे सहजी दिसत नाही. मराठी माणसाला मात्र ही सबब सांगता येणार नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे शिलाहार काळातले मानले जाणारे वीरगळ आहेत. गावोगावच्या वीरगळांवर घोडे आणि तलवारी असतात, एकसरच्या दगडांवर जहाजे आहेत. वल्ह्यांच्या रांगा आहेत, डोलकाठ्या आहेत, पाण्यावरची लढाई आहे. त्या लढाईत पडलेल्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांचे राजे कोणते यावरही अभ्यासकांत वाद आहेत. पण ती माणसे समुद्रावर गेली आणि जहाजातून गेली, एवढे त्यांच्या लोकांनी दगडात लिहून ठेवले. लिहिता न येणाऱ्यांनाही ते वाचता यावे अशा रीतीने लिहिले. आपल्याकडे आज नावे आहेत, तारखा आहेत, साक्षीदारही अजून थोडे हयात आहेत. ते असेपर्यंत ही नोंद झाली पाहिजे.